तळ्याच्या उशाशी बिऱ्हाड

दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र आले, त्यात ‘मुक्काम’ हा एकच शब्द विषय म्हणून दिला होता आणि खाली अट घातली होती की, घरात बसून लिहू नये. कोठेतरी जाऊन, राहून, पाहून मग लिहावे. आयुष्यभर शिरोळ सोडून फारसा कोठे न राहिलेल्या माणसावर ही अट घालणे म्हणजे विहिरीला वाहायला सांगण्यासारखे होते. परंतु त्याच आठवड्यात मिशिगनला असलेल्या माझ्या भाच्याने आपल्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, एक चित्रफीत पाठविली. तीत तळ्याच्या काठी उभे असलेले एक पांढरे, चाकांचे घर होते, घरापुढे लाकडी मेज होते, मेजावर पोह्यांची कढई होती आणि कढईमागे नातवंडे ओल्या अंगाने पळत होती. अक्का ती चित्रफीत तीनदा पाहून मला म्हणाली, “आपल्याकडं बी तळं हाय की. चल जाऊ.” संपादकांच्या विषयाला अशा रीतीने चाके फुटली.

मिशिगनची याद

अमेरिकेत राज्य उद्यान म्हणून जी संस्था आहे, तिची कल्पना आपल्याकडील बागेवरून किंवा अभयारण्यावरून करता येत नाही. एकट्या मिशिगनमध्ये अशी शंभरावर उद्याने आहेत, आणि पाच महासरोवरांपैकी चारांचे काठ त्या राज्याला लागलेले असल्यामुळे तळ्याकाठचा मुक्काम हा तेथील प्रजेचा जवळजवळ जन्मसिद्ध हक्क होऊन बसला आहे. उद्यानात चाकांच्या घरांसाठी क्रमांक घातलेले गाळे आखलेले असतात. प्रत्येक गाळ्याला विजेचा एक खांब, जेवायला एक मेज आणि विस्तव पेटवायला एक लोखंडी कडे एवढा सरंजाम सरकारी असतो. खांबावर तीस अँपियरचे व पन्नास अँपियरचे असे निरनिराळे तोंड असते, आणि आपल्या गाडीला कोणते लागते हे ठाऊक नसलेला गृहस्थ संध्याकाळी साऱ्या तळाच्या करमणुकीचा विषय होतो. जागेची नोंदणी सहा महिने आधी उघडते. जुलैतील शनिवार हवा असेल तर जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, सकाळी घड्याळ लावून बसावे लागते. भाचा म्हणतो की, आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाडीचे तिकीट काढलेल्या माणसाला ही विद्या वेगळी शिकवावी लागत नाही.

त्याने मला एक याद धाडली. पूर्वी संस्थानिकांची स्वारी निघे तेव्हा फरासखान्यातून अशीच याद निघत असेल, फरक इतकाच की, तीत राहुट्या, कनाती आणि गालिचे असत, तर हीत पाण्याच्या नळ्या, चाकाखाली सरकवायचे ठोकळे, समतल पाहण्याची काचेची नळी, हातमोज्यांचे दोन जोड (एक स्वच्छ पाण्याच्या कामाला, दुसरा अस्वच्छ पाण्याच्या, अदलाबदल सर्वस्वी निषिद्ध) आणि थालीपिठाची भाजणी अशी कलमे होती. पहिले कलम मात्र यादीत नव्हतेच. ते त्याने दूरध्वनीवर सांगितले. “मामा, गाडी नंतर बघा. आधी जागा बघा, आणि जागेच्याही आधी हे बघा की काळं पाणी कुठं ओतणार.”

काळे पाणी म्हटले की आमच्या पिढीला अंदमान आठवते. या विद्येत त्याचा अर्थ शौचकुपाचे पाणी असा आहे. मोरीचे आणि आंघोळीचे ते करडे पाणी. तिकडील उद्यानांतून बाहेर पडण्याच्या रस्त्यावर काळे पाणी रिते करण्याचे एक ठाणे असते, तेथे रविवारी दुपारी गाड्यांची रांग लागते, आणि अक्का तिकडे गेली असताना त्या रांगेत पाऊण तास बसली होती. त्यामुळे आमच्या घरात या विषयातील अधिकारी व्यक्ती तीच होती.

हेड आणि टेल

आता तळे कोणते, हा प्रश्न आमच्यापुढे नव्हता. शिरोळच्या माणसाला तळे एकच आहे, जरी त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले नसले तरी.

कालव्याच्या मुलखात दोन इंग्रजी शब्द असे मुरले आहेत की, शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही ते बिनचूक वापरतो. पाणी जेथे सुटते ते हेड आणि ते जेथे संपते ते टेल. हेडचा माणूस आधी भिजवतो, टेलचा माणूस उरलेले घेतो. तंटा होतो तो याच दोन शब्दांच्या मध्ये. पंचगंगा हा जर एक मोठा पाट मानला, तर शिरोळ तालुका हे त्याचे टेल आहे. राधानगरीच्या तळ्यातून भोगावती निघते. तिला तुळशी, कुंभी आणि कासारी मिळतात. प्रयाग चिखलीपासून सारे मिळून पंचगंगा म्हणवू लागते. कोल्हापूर, इचलकरंजी मागे टाकून ती आमच्या रानांतून सुस्त वळणे घेत नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. तेथे श्रीदत्तांच्या पादुका आहेत. पावसाळ्यात पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की, त्या दाराशी स्नान करण्यास लोकांची रीघ लागते, आणि त्याला दक्षिणद्वार सोहळा असे नाव आहे. नदी घरात आली असता तिचा सोहळा करणारी माणसे आम्ही.

मात्र पाणी त्याहून चढले की सोहळा संपतो. कृष्णा भरून आली म्हणजे पंचगंगेला ती आत घेत नाही. पाणी मागे फुगते. त्याला आमच्याकडे ‘फूग’ म्हणतात. अशा दिवसांत गावातील पारावर, दवाखान्यात, गिरणीत एकच विचारणा चालू असते, “राधानगरीचे किती उघडले?” काय उघडले, हे सांगावे लागत नाही. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ३४७.५० फुटांना टेकले की ते माणसाच्या हाताशिवाय, विजेशिवाय, केवळ पाण्याच्या दाबाने आणि प्रतिभाराच्या तोलाने आपोआप उघडतात व पातळी उतरली की आपोआप मिटतात. एक दरवाजा उघडला म्हणजे १,४२८ क्युसेक. या आकड्यावर आमच्याकडील पोरे पाढे म्हणतात तसे गुणाकार करतात. पुढचे आकडे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचे, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही सालांत पाणी तेथे ५५ फुटांच्याही वर गेले होते, आणि तेव्हा आम्ही दोन्ही वेळा घर सोडले होते.

तेव्हा ज्या तळ्याची चौकशी जन्मभर धास्तीने केली, त्याच तळ्याच्या उशाशी हौसेने जाऊन राहावे, ही कल्पना मला जराशी आगाऊपणाची वाटली. अक्काला तशी मुळीच वाटली नाही. तिच्या मते ज्याच्या घरी पाहुणा दरसाल न बोलावता येतो, त्याने एकदा पाहुण्याच्या घरी जाऊन यावे.

ही जागा कोणाची?

राधानगरीचे अभयारण्य महाराष्ट्रातील आद्य अभयारण्यांपैकी. १९५८ साली ते दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य म्हणून प्रसिद्ध झाले, पुढे त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरांपर्यंत गेला आणि २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारशात गणली गेली त्यांत त्याचा समावेश झाला. अर्थात मिशिगनच्या अर्थाने हे उद्यान नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात जायला परवाना लागतो, आणि वनास धोका होईल असा विस्तव तेथे पेटवता येत नाही. मनाला येईल तेथे गाडी थांबवून कढई चढवावी, असा प्रकार संभवत नाही. हे ठीकच आहे. रात्र ही तेथील जनावरांची आहे.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात फिरती घरे आणि त्यांच्या मुक्कामाचे तळ अशा दोहोंचा विचार केलेला आहे. धोरण वाचून मनुष्यास उत्साह येतो, आणि मग तो नकाशा पुढे घेऊन तळ्याच्या काठावर बोट ठेवतो. तेथून खरा उद्योग सुरू होतो. कारण आपल्या देशात रिकामी दिसणारी जागा रिकामी असते, पण बेवारस कधीच नसते. तळ्याच्या कडेची ही उतरती हिरवळ कोणाची? पाटबंधारे खात्याच्या बुडीत क्षेत्रातील. तिच्या वरचा तो माळ? गावचे गायरान. पलीकडची झाडी? वन खात्याची. आणि पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला हा काळाभोर पट्टा, जेथे आपण गाडी लावावी असे कोणाही परक्याच्या मनात येईल, तो गाळपेरीचा. म्हणजे धरणाचे पाणी उतरले की त्या गाळात हंगामापुरते पीक घेण्यासाठी दिला जाणारा. त्यावर चाक घालणे हे दुसऱ्याच्या ताटात पाय घालण्यासारखे आहे, शिवाय तो गाळ वरून वाळलेला आणि आतून ओला असतो, त्यामुळे साडेतीन टनांची गाडी त्यात बसली म्हणजे ती काढायला ज्याच्या पिकात घुसलो त्याच्याच ट्रॅक्टरची मनधरणी करावी लागते.

सबब शोध खासगी मालकीच्या रानाचा करावा लागला. एका नातलगाच्या नातलगांमार्फत तळ्याच्या वरच्या अंगाला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका शेतकऱ्याचे रान मिळाले. त्याने विचारलेले प्रश्न कोणत्याही उद्यानाच्या नियमावलीपेक्षा शहाणपणाचे होते. गाडी किती लांब? वळवता येते का, की मागे घ्यावी लागेल? रात्री गाणी लावणार का? बाटल्या आणणार का? शेवटी त्याने सांगितले की, विस्तव त्याच्या खळ्यावरच पेटवावा, आणि रात्री गवे बांधापर्यंत येतात तेव्हा उजेडाचा झोत त्यांच्यावर मारू नये. भाडे त्याने सांगितले नाही. “यायच्या येळी वांगी आणा,” एवढेच म्हणाला. कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती सह्याद्रीपर्यंत पोहोचलेली पाहून मला बरे वाटले.

गाडीचे पोट

गाडी पुण्याहून भाड्याने आणवली. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. आत चार माणसांची निजायची सोय, एक ओटा, एक लहान शीतपेटी, मोरी आणि शौचकूप मिळून एक कपाट, ज्यात शिरताना मनुष्याने आपले कोपर कोठे ठेवायचे हे आधी ठरवून घ्यावे लागते. या विद्येतील जाणती माणसे असे सांगतात की, पहिली रात्र घराजवळच काढावी, म्हणजे जे विसरले असेल ते आणायला दार समोरच असते. म्हणून आम्ही पहिला मुक्काम आमच्याच मळ्यात, विहिरीशेजारी केला. गावातून माणसे येऊन गाडी पाहून गेली. एकाने मतदानाची गाडी आहे का म्हणून विचारले, दुसऱ्याने रक्तदानाची.

त्या रात्री जे कळले ते पुस्तकाने कळले नसते. गाडी किंचित जरी तिरपी असली तरी झोपणाऱ्याचे रक्त डोक्याकडे उतरते, आणि मोरीचे पाणी भलत्याच कोपऱ्यात साचते; म्हणून उतरत्या बाजूच्या चाकाखाली ठोकळे सरकवून, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत गाडी पुढेमागे घ्यावी लागते. वीज ही दुसरी बाब. बारा व्होल्टची शंभर अँपियर-तासांची साधी बॅटरी कागदावर बाराशे वॅट-तास देते, परंतु तिचे आयुष्य राखायचे तर निम्म्याच्या खाली तिला उतरू देऊ नये. म्हणजे हाती उरले सहाशे. पन्नास वॅटचा पंखा आठ तास फिरला की चारशे गेले. उरलेल्या दोनशेत दिवे, पाण्याचा पंप आणि दूरध्वनींची भूक भागवायची. हा हिशेब अक्काने बोटांवर केला आणि पंखा बंद करून खिडकी उघडली. माघाच्या थंडीत पंखा लावणाऱ्याला काय म्हणावे, हेही तिने सांगितले.

मळ्याच्या पलीकडच्या बांधाला ऊसतोडणीवाल्यांची टोळी उतरलेली होती. दसरा झाला की बीडकडून ही कुटुंबे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगाम संपेपर्यंत बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्यांतून त्यांचा संसार चालतो. त्यांपैकी एक बाई पाण्याला विहिरीवर आली असता अक्काने तिला हाताला धरून गाडी दाखवायला नेले. तिने ओटा पाहिला, गाद्या पाहिल्या, कपाटाची दारे उघडून मिटून पाहिली, आणि किती दिवसांसाठी निघालात म्हणून विचारले. दोन दिवसांसाठी, असे कळल्यावर ती मोकळेपणी हसली. “दोन दिसाला येवढं? आमचं सहा महिन्याचं ह्याच्यात मावून जागा उरंल.”

मी त्या वेळी गाडीत सामान भरीत होतो आणि ते चुकीच्या क्रमाने भरीत होतो. तिने तो क्रम बदलून दिला. पोचल्यावर जे पहिल्यांदा लागते ते चढवताना शेवटी चढवायचे. ट्रॉली रात्री कोठेतरी अंधारात थांबते, लेकरे भुकेजलेली असतात. तेव्हा घागर, तवा, पीठ आणि दिवा हे हाताशी पाहिजेत, बाकीचे सकाळी उतरले तरी चालते. मला एकदम आमची पुरातली ट्रॉली आठवली. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही कागदपत्रे, दागिने, देव असे मौल्यवान सामान सर्वांत वर, हाताशी ठेवले होते, आणि काड्याची पेटी तळाला गेली होती. छावणीवर पोचल्यावर देव लगेच सापडले, चहा दोन तासांनी झाला. सहलीच्या सामानाची अमेरिकन याद माझ्या खिशात होती. पण सामान भरले ते त्या बाईच्या शिरस्त्याप्रमाणे. आजवर या तालुक्यात चाकांवरचे बिऱ्हाड ज्यांनी ज्यांनी हाकले, त्यांतल्या कोणाला ती सहल वाटली नाही, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले. आणि जाणवल्यावर गाडीचे पांढरेशुभ्र अंग मला थोडेसे लाजिरवाणे वाटू लागले. अक्काने त्या कोपीवर बासुंदीचा डबा पोचवला. असो.

वाट

शिरोळहून जयसिंगपूर, तेथून हातकणंगल्यावरून कोल्हापूर, मग रंकाळा उजवीकडे ठेवून हळदी, भोगावती करीत राधानगरी, आणि तेथून फेजिवड्यावरून वर दाजीपूरचा रस्ता. सारा मिळून सव्वाशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा प्रवास. कोणी हिशेबी माणूस तीन तास म्हणेल. परंतु गळीत हंगामात या जिल्ह्यातील रस्ते हे कारखान्यांच्या मालकीचे असतात, प्रवाशांनी त्यांवरून केवळ दयेने जायचे असते. दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे चालला असला, त्याच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असला, आणि वर चालकाने जगाचा निरोप घेतल्यासारखी गाणी लावलेली असली, म्हणजे मागच्याने शिंग वाजवण्यात अर्थ नसतो. आमच्या चालकाने शहाणपणा करून पहाटे चारला गाडी काढली. अशा गाडीत भांड्यांचा आवाज हा वेगाचा खरा मापक होय. ती कुजबुजत होती तोवर आम्ही ठीक होतो, आणि खड्डा आला की एकदम भांडू लागत. कोल्हापुरास तांबडे फुटले, राधानगरीला कोवळे ऊन. एके ठिकाणी रस्त्यावर झुकलेल्या फांदीखालून गाडी नेण्यासाठी मला टपाकडे पाहत मागे मागे चालावे लागले. गाडीची उंची चालकाच्या डोळ्यांसमोर कागदावर लिहून चिकटवावी, हे मिशिगनच्या यादीतले सतरावे कलम तेव्हा मला पटले.

पाणी उतरलेला काठ

राधानगरी हे गावच मुळी एका मुलीच्या नावाचे आहे. शाहू महाराजांनी आपली कन्या राधाबाई हिचे नाव गावाला दिले आणि राणी लक्ष्मीबाई यांचे तळ्याला. धरणाचे काम त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले, पैशाच्या ओढाताणीने ते रखडले, आणि १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते पुरे व्हायचे होते. तळ्याच्या पाण्यात एका उंचवट्यावर त्यांनी बांधलेली बेनझीर व्हिला अजून भग्नावस्थेत उभी आहे. या भागातील वस्त्यांना धरणाने स्वस्थपणे पाणी पाजलेले नाही, काहींना हलावेही लागले. शेतकऱ्याच्या बोलण्यात ते सहज येऊन जाते, जसे आमच्या बोलण्यात पुराचे येते.

फेब्रुवारीतले तळे पाहून मी क्षणभर ओशाळलो. ज्याच्या नावाने आम्ही जुलैत थरथरतो ते हे होते तर! पाणी बरेच उतरलेले. काठाला उतरणीच्या रेषा, जणू कोणी रोज एक एक पायरी खाली येत वही लिहीत गेला आहे. उघड्या गाळात जुन्या झाडांची खोडे. पलीकडे डोंगराच्या कुशीत जांभूळ, अंजनी, पिसा यांची दाट सावळी झाडी. दरवाजे मिटलेले. खाली वीजगृहातून तेवढे पाणी नदीत चालले होते, तेच पुढे आमच्या मोटारींना लागणार होते. उन्हाळ्यात आमचा ऊस याच धारेवर उभा असतो, ही गोष्ट पुराच्या रागात आम्ही विसरतो.

दुपारी खळ्यावर वांग्यांचे भरीत झाले, भाकरी झाल्या, खर्डा झाला. शेतकऱ्याच्या घरून नाचणीचे आंबील आले. संध्याकाळी पाण्यावरचा उजेड गेला तसे रान जवळ सरकल्यासारखे झाले. नऊच्या सुमारास बांधापलीकडे काहीतरी जड हलले. आम्ही दिवे मालवून खिडकीशी बसलो. प्रथम फुरफुर ऐकू आली, मग काळोखातून अधिक काळोख सुटा झाला आणि त्याचे खांदे दिसू लागले. तीन की चार गवे होते, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे त्यांचे पाय तेवढे उजळ. ते बांधावरचे काही खात होते आणि आमची त्यांना काडीची फिकीर नव्हती. अक्का कुजबुजली, “म्हशीगत हाईत, पण म्हशीला एवढा मान न्हाई.” दहा मिनिटांनी ते गेले. पत्र्याच्या भिंतीआडून एवढे मोठे जनावर पाहणे हाच चाकांच्या घराचा खरा उपयोग असावा, असे मला वाटते. तंबूत मी इतका धीराचा राहिलो नसतो.

सकाळी तोंड धुवायला गेलो तो नळाला पाणी नाही. भिंतीवरचा काटा टाकी निम्मी भरल्याचे ठासून सांगत होता. टाकी ठणठणीत कोरडी होती. काटा आदल्या भाडेकऱ्यापासूनच बिघडलेला, असे दूरध्वनीवरून उत्तर मिळाले. समोर ८.३६ टीएमसी क्षमतेचे, म्हणजे भरले असता साडेतेवीस हजार कोटी लिटरांहून अधिक पाण्याचे तळे, ज्याचा एक दरवाजा आमच्यासारख्या चारशे टाक्या दर सेकंदाला भरील. आणि आम्ही त्याच्या काठी दात घासण्यासाठी तांब्या घेऊन उभे. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मी शाळेत ऐकली होती, ती अनुभवायला धरणाचीच उशी लागली. शेतकऱ्याच्या सुनेने दोन कळशा आणून दिल्या. त्या दोन कळशांत आमची तोंडे, चहा, भांडी आणि एका माणसाची आंघोळ झाली. ती आंघोळ कोणाची, यावर अजून वाद आहे.

काळे पाणी

निघताना करड्या पाण्याची बादली शेतकऱ्याने आपल्या केळीच्या बुंध्याला मागून घेतली. आम्ही साबण बेताने वापरला होता. राहिले काळे.

या गाडीत शौचकुपाखाली एक पेटी असते, ती बाहेरून दार उघडून काढता येते, हाताने ओढत नेता येते आणि योग्य जागी रिती करता येते. योग्य जागा हेच सारे मर्म. चालकाने अत्यंत सहजतेने तळ्याखालच्या ओढ्याकडे बोट दाखवले. सगळे तेथेच ओततात, असे त्याचे म्हणणे पडले, आणि त्याचा त्यात काही दुष्टपणा नव्हता. हेडला उभ्या असलेल्या मनुष्यास पाणी हे नेहमीच पुढे जाणारे दिसते. आम्हाला ते पुढे गेल्यावर काय होते हे ठाऊक होते. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांची मळी, रंगाचे पाणी हे सर्व पंचगंगेतून वाहत अखेर आमच्या बंधाऱ्यांशी येऊन थांबते. तेरवाडच्या आणि शिरोळच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आम्ही पाहिला आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा त्या नदीचे पाणी उकळून उकळून प्यालो आहे. दरवर्षी आम्ही निवेदने देतो की, वरच्यांनी असे करू नये. आज प्रथमच आम्ही वरचे होतो.

अक्काने पेटीचे झाकण घट्ट फिरवले, वर एक जुने लुगडे आवळून बांधले आणि ती जागच्या जागी बसवायला लावली. वाटेत कोठे सोय होईल म्हणून मी दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी गाडीत येऊन गप्प बसलो. तेव्हा पेटी राधानगरीहून भोगावतीवरून, रंकाळ्यावरून, हातकणंगल्यावरून, जयसिंगपुरावरून, उसाच्या ट्रॉल्यांमागे थांबत थांबत, नदीच्याच मार्गाने पण डांबरावरून शिरोळास आली. सुदैवाने तिच्यात औषधी द्रव घातलेले नव्हते. ती द्रवे टाकीतले उपकारक जंतू मारतात, हे भाच्याने आधीच बजावले होते.

दिवेलागणीला घरी पोचलो. परसातल्या मैल्याच्या टाकीचे झाकण पहारीने उचकटले, हातमोज्यांचा दुसरा जोड चढवला आणि मी व चालकाने मिळून पेटी रिती केली. अक्का कंदील धरून उभी होती. हेडच्या तळ्याकाठी आम्ही केलेली घाण सव्वाशे किलोमीटर वाहून टेलला आणली म्हणून चालक मनापासून हळहळत होता. ती त्याला म्हणाली, “कशाला वाईट वाटून घेतोस? नदीनं यायचं ते गाडीनं आलं, एवढंच की. झाकण लाव.”